बी. बी. किंगच्या गिटारमधले गायक

१९८८ साली 'यू टू' या आयरिश बँडवर 'रॅटल अँड हम' नावाचा चित्रपट आला. त्यात तालमीचा एक छोटा प्रसंग आहे. बँडचा गायक बोनो याने बी. बी. किंगसोबत गाण्यासाठी एक गाणं तयार केलंय. साठी ओलांडलेला किंग अजिबात न लाजता सांगून टाकतो की कॉर्ड (एकाच वेळी छेडलेले अनेक सूर) वाजवण्यात आपण अगदी कच्चे आहोत. बोनो म्हणतो, ते आमचा गिटारवादक एज सांभाळेल, नाही तरी गाण्यात कॉर्ड मोजकेच आहेत.

गिटारच्या कुठल्याही क्लासमध्ये पहिल्या महिन्यात जे शिकवतात ते आपल्याला जमत नाही असं सांगणारा हा माणूस म्हणजे विसाव्या शतकातला बहुधा सगळ्यात जास्त नक्कल झालेला ब्लूज गिटारवादक. मोठ्या कलावंताचा विनय म्हणून हे सोडून देता आलं असतं, पण त्याच्या रेकॉर्ड तसं करू देत नाहीत. कुठलंही गाणं लावा. तो गात असतो तेव्हा गिटार गप्प असते. ओळ संपली की गिटार बोलते, आणि ती बोलायला लागली की तो गप्प. गाता गाता साथीला कॉर्ड छेडत राहणं, जे गिटार घेऊन बसणारा प्रत्येक गायक करतो, ते त्याच्याकडे जवळजवळ नाहीच. या वाजवण्याची मुळं शोधायला निघालं की गिटारवादकांपेक्षा गायकच जास्त भेटतात. जे थोडे गिटारवादक भेटतात, त्यांची नक्कल करायला तो गेला आणि फसला, असंच बहुतेक ठिकाणी दिसतं. त्या फसण्याचा त्याला फार मोठा फायदा झाला, असं माझं मत आहे.

रायली बी. किंगचा जन्म १६ सप्टेंबर १९२५चा, मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या पट्ट्यातला. आई-वडील दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने राबणारे. ते वेगळे झाले तेव्हा आई त्याला घेऊन डोंगराळ भागातल्या किलमायकल गावाकडे आली. नऊ-दहा वर्षांचा असताना आई गेली, १९४० साली आजीही गेली. नात्यातली मीमा नावाची एक आजी होती, तिच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता. पोराने गुण उधळले नाहीत तर त्याला रेकॉर्ड लावायला मिळायच्या. त्यातले दोन आवाज त्याच्या मनात कायमचे बसले: ब्लाइंड लेमन जेफरसन आणि लॉनी जॉन्सन.

जेफरसन टेक्ससचा, आंधळा, रस्त्यावर गाणारा. १९२६ ते १९२९ एवढ्याच काळात पॅरामाउंट कंपनीने त्याच्या रेकॉर्ड काढल्या, आणि १९२९च्या डिसेंबरात शिकागोत तो वारला. म्हणजे रायलीने त्याला ऐकलं तेव्हा तो हयातही नव्हता. त्याचा आवाज उंच, थोडा रडवेला. एक ओळ म्हणून झाली की तो थांबायचा आणि गिटारवर त्या ओळीला उत्तर द्यायचा. कधी ते उत्तर छोटं, कधी इतकं लांबलेलं की मात्रांचा हिशोबच मोडायचा. एकटाच गाणारा-वाजवणारा असल्याने त्याला विचारणारं कोण होतं?

लॉनी जॉन्सन अगदी वेगळा. न्यू ऑर्लिन्सचा, नीटनेटका, शहरी. १९२७ साली लुई आर्मस्ट्राँगच्या 'हॉट फाइव्ह'सोबत त्याने वाजवलंय, पुढच्या वर्षी ड्यूक एलिंग्टनसोबतही. गिटार तोवर बहुतेक वेळा ठेका धरायला, मागे खडखडत राहायला असायची. जॉन्सनने एकेका तारेवर एकेक सूर वाजवून सलग चाल म्हणून दाखवली. गोऱ्या एडी लँगसोबतच्या त्याच्या १९२८-२९च्या जोडवादनाच्या रेकॉर्ड आज ऐकल्या तरी जुनाट वाटत नाहीत. आणि तो गायचा मऊ आवाजात, शब्द न् शब्द कळेल असा. ब्लूज म्हटलं की आजकाल पहिलं नाव रॉबर्ट जॉन्सनचं येतं, चौरस्त्यावर सैतानाशी केलेल्या सौद्याच्या दंतकथेसकट. किंगने आयुष्यभर सांगितलं की आपला जॉन्सन तो नव्हे, लॉनी. दंतकथा नसल्यामुळे लॉनीची उपेक्षा झाली, याची त्याला मनापासून खंत होती.

आता ब्लूजचा साचा जरा जवळून पाहू, म्हणजे हे प्रश्नोत्तर कुठे बसतं ते कळेल. नेहमीच्या ब्लूज कडव्यात बारा आवर्तनं असतात, प्रत्येक चार मात्रांचं. ओळी तीन. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीत त्या दोन्हींचा निकाल लावायचा. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार आवर्तनं येतात, पण शब्द दोन-अडीच आवर्तनांतच संपतात. उरलेली जागा मोकळी. शेतात एकाने हाळी दिली की बाकीच्यांनी ओ द्यायची, चर्चमध्ये उपदेशकाने हाक दिली की मंडळींनी उत्तर द्यायचं, या सवयीतून ती मोकळी जागा आली आहे. एकटा गायक असेल तर ओ देणार कोण? त्याची गिटार. जेफरसन आणि लॉनी जॉन्सन दोघांनीही ती जागा भरली, आपापल्या पद्धतीने. किंगने पुढे तिच्यावरच सगळा संसार थाटला.

गिटार प्रत्यक्ष हातात आली ती मात्र चर्चमुळे. आर्ची फेअर नावाचे उपदेशक प्रार्थनेत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. ते नात्यातल्याच माणसांकडे जेवायला यायचे, तेव्हा पलंगावर ठेवलेल्या गिटारला रायली चोरून हात लावायचा. रागवायच्या ऐवजी त्यांनी त्याला तीन कॉर्ड दाखवले. ब्लूजला लागतात तेही नेमके हेच तीन. बाराएक वर्षांचा असताना त्याने मालकाकडून उचल घेऊन पंधरा डॉलरला लाल रंगाची स्टेला गिटार घेतली. पंधरा डॉलर ही त्याची महिन्याची कमाई होती.

पुढे तो इंडियानोला गावाजवळच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायला लागला. शनिवारी गावच्या नाक्यावर बसून वाजवायचा. भक्तिगीत म्हटलं की लोक पाठ थोपटायचे, देव तुझं भलं करो म्हणायचे आणि पुढे जायचे. त्याच चालीत देवाच्या जागी बाईचं नाव घातलं की टोपीत नाणी पडायची. हा किस्सा त्याने शेकडो मुलाखतींत सांगितलाय, आणि सांगताना प्रत्येक वेळी हसलाय. पण गाणं देवाचं असो की बाईचं, त्याच्या गळ्यात चर्च कायम राहिलं. नॅशव्हिलच्या 'फेअरफील्ड फोर' या भक्तिगीत मंडळींचा मुख्य गायक सॅम मॅक्‌क्रेरी त्याचा आदर्श होता. वरच्या पट्टीत जाऊन आवाज फाटू द्यायचा, पण तुटू द्यायचा नाही, ही युक्ती तिथली.

१९४६ साली एका संध्याकाळी ट्रॅक्टर गोठ्यात लावताना इंजिन बंद करूनही गाडीने पुढे हिसका दिला आणि धुराडं मोडलं. मालक काय करील या भीतीने रायलीने गिटार उचलली आणि मेम्फिस गाठलं. तिथे आईचा मावसभाऊ राहायचा: बुक्का व्हाइट.

बुक्का मोठा कलावंत होता. पार्चमन तुरुंगात शिक्षा भोगून आलेला, १९४०मध्ये शिकागोत त्याने केलेलं ध्वनिमुद्रण ब्लूजच्या जुन्या खजिन्यात मोजलं जातं. तो धातूच्या अंगाची गिटार वाजवायचा, स्लाइडने. स्लाइड म्हणजे बोटात घातलेली धातूची किंवा काचेची नळी. गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात, बोटाने तार दाबली की ती पट्टीला टेकते आणि ठरलेला सूर निघतो. नळी तारेवरून नुसती घसरत जाते, तार पट्टीला टेकतच नाही, त्यामुळे दोन सुरांमधला सगळा प्रवास ऐकू येतो. आपल्याकडे हार्मोनियम आणि सारंगीवरून जो वाद कैक वर्षं चालला, तोच फरक इथे एका वाद्यात सामावलेला आहे. आणि ब्लूजला तो फार महत्त्वाचा, कारण ब्लूजचा खरा गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि कडव्यागणिक जागा बदलतो. गळ्याला तो सहज सापडतो. पट्ट्यांच्या गिटारवर तो नाहीच.

रायली बुक्काकडे दहाएक महिने राहिला. स्लाइडचा नाद त्याला वेड लावायचा. पण जमेना. आपली बोटंच मठ्ठ होती, असं तो पुढे सांगायचा. नळी बोटात घातली की हात आखडायचा. म्हणून त्याने दुसरा मार्ग धरला: नळीशिवाय, उघड्या बोटाने तो आवाज काढायचा. त्यासाठी दोन गोष्टी केल्या. एक, तार दाबून बाजूला ओढायची, म्हणजे सूर चढत जातो आणि मधल्या जागा सापडतात. हे इतरही करत होते. दुसरी गोष्ट त्याची स्वतःची.

त्याचा डावा हात नीट पाहा, चित्रफिती भरपूर आहेत. पहिलं बोट तारेवर रोवलेलं. अंगठा गिटारच्या मानेवरून सुटलेला. बाकीची बोटं पंख्यासारखी पसरलेली, हवेत. त्या एका बोटाच्या टोकावर तोल धरून सगळा पंजा मनगटातून झपाझप हलतो. तार एवढीशी ताणली जाते, सैल होते, ताणली जाते. सूर आपल्या जागेवरून किंचित वर जाऊन परत येतो, सेकंदाला कितीतरी वेळा. गिटारवाले याला फुलपाखराची उपमा देतात, आणि हात बघितला की ती पटते. लांबवलेल्या सुरावर कसलेल्या गायकाचा आवाज जसा थरथरतो तसाच हा थरथराट आहे. बुक्काची नळी जे करायची ते याने होत नाही. पण जे होतं ते जगात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. पुढे त्याच्या एका सुरावरून लोक ओळखायला लागले, हा बी. बी.

बुक्काने त्याला आणखी एक धडा दिला, आणि तो मात्र रायलीने जसाच्या तसा उचलला: बँकेत कर्ज मागायला चाललोय अशा बेताने कपडे करून गाण्याला उभं राहायचं. मळ्यावरच्या डगल्यात ब्लूज म्हणणारा, दारूच्या बाटलीसह, हे चित्र गोऱ्या रसिकांना पुढे फार आवडायला लागलं. किंग आयुष्यभर सुटाबुटात, चमकत्या कोटात वाजवत राहिला.

एक अडचण उरली होती. साध्या गिटारचा सूर छेडला की लगेच विरतो, थरथरवायला तो टिकायला तर हवा. ती अडचण गिटारवादक टी-बोन वॉकरने सोडवली. १९४७ साली त्याचं 'कॉल इट स्टॉर्मी मंडे' आलं, आणि ते ऐकल्यावर इलेक्ट्रिक गिटार घेतल्याशिवाय आपण जगूच शकत नाही असं रायलीला वाटलं. विजेच्या गिटारवर सूर रेंगाळतो. तुम्ही तो धरून ठेवू शकता, आणि धरून ठेवलेल्या सुरावरच हाताचा तो कंप उमटतो. टी-बोनची लय जॅझची होती. सूर मात्रेच्या जरा मागे सोडायचा, घाई नाही, आणि मागे ब्रासची वाद्यं. किंगच्या गाण्यामागे पुढे कायम ट्रम्पेट-सॅक्सोफोन दिसतात ते इथून आले.

या टी-बोनचा एक धागा मागेही जातो. तो टेक्ससचाच, आणि पोरवयात डॅलसच्या रस्त्यांवर ब्लाइंड लेमन जेफरसनचा हात धरून त्याला फिरवायचं काम त्याने केलं होतं. म्हणजे मीमाच्या ग्रामोफोनवरचा आवाज आणि टी-बोनची विजेची गिटार, दोन्ही एकाच घरातली निघाली.

मेम्फिस मधेच सोडून रायली इंडियानोलाला परतला होता, मालकाचं देणं फेडायला. १९४८मध्ये पुन्हा आला आणि नदीपलीकडच्या वेस्ट मेम्फिसमध्ये रेडिओवर बसणाऱ्या सनी बॉय विल्यमसनला जाऊन भेटला. सनी बॉयने त्याला एक गाणं म्हणू दिलं. तिथून त्याला डब्ल्यूडीआयए या मेम्फिसच्या केंद्रावर जागा मिळाली, सुरुवातीला दहा मिनिटांची, 'पेप्टिकॉन' नावाच्या टॉनिकची जाहिरातवजा गाणी म्हणायला. हे केंद्र तेव्हा नुकतंच काळ्या श्रोत्यांसाठी काळे निवेदक ठेवून चालवलं जाऊ लागलं होतं, अमेरिकेत असं पहिलंच. इथे 'बील स्ट्रीटचा ब्लूज बॉय' असं त्याचं नाव पडलं, त्याचं 'ब्लूज बॉय' झालं, आणि मग नुसतं बी. बी.

त्याचं खरं कॉलेज हे रेडिओ केंद्र, असं मला वाटतं. मळ्यावर जेवढ्या रेकॉर्ड हाताला लागतील तेवढ्या ऐकायच्या, इथे कपाटंच्या कपाटं भरलेली. निवेदक म्हणून तो रोज तासन् तास रेकॉर्ड लावायचा. लुई जॉर्डनचा खट्याळपणा आणि शब्दांची फेक, काउंट बेसीच्या बँडसमोर उभा राहून सगळ्या ब्रासवर मात करणारा जिमी रशिंग, किंचाळत किंचाळत रडणारा रॉय ब्राउन, आणि डॉक्टर क्लेटन. क्लेटन आज फारसा कोणाला आठवत नाही. १९४७मध्येच वारला. त्याचा आवाज पुरुषी स्वरातून एकदम टिपेला उडी मारायचा आणि परत खाली यायचा. किंगच्या सुरुवातीच्या रेकॉर्डमध्ये तीच उडी जागोजाग ऐकू येते, आणि क्लेटनची काही गाणीही त्याने गायली. गिटारवाल्यांपैकी बेनी गुडमनच्या बँडमधला चार्ली क्रिश्चन, आणि सैन्यातून परतलेल्या एका मित्राने पॅरिसहून आणलेल्या रेकॉर्डमधून भेटलेला जँगो राइनहार्ट. जँगोची डाव्या हाताची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो तसा वाजवायचा. पण यादी पाहा: गायक जास्त, गिटारवाले थोडे.

याच काळात त्याला एक खोड महागात पडत होती. रॉबर्ट लॉकवूड ज्युनियर हा मोजून-मापून वाजवणारा पक्का गडी मेम्फिसमध्ये किंगसोबत असायचा. त्याची कायमची तक्रार: हा मात्रा खातो. ओळ संपल्यावर गिटारचं उत्तर लांबलं तर किंग ते लांबूच द्यायचा, बँड गेला खड्ड्यात. ही ब्लाइंड लेमनची देणगी. एकट्याने रेकॉर्डसोबत शिकलेल्याला साथीदारांचं भान कुठून असणार? पुढे मोठा बँड, लिहिलेली ब्रासची साथ आणि वर्षानुवर्षांचे रोजचे कार्यक्रम यांनी ती खोड मोडली. १९५६ या एका वर्षात त्याने ३४२ कार्यक्रम केले.

गिटारचं 'ल्यूसिल' हे नाव कसं पडलं, ती १९४९च्या हिवाळ्यातली गोष्ट इतकी सांगून झालीय की दोन ओळींत उरकतो: आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी नाचघरात मारामारी झाली, शेगडीचं रॉकेल सांडून आग लागली, हा गिटार आणायला परत आत घुसला, आणि मारामारी ल्यूसिल नावाच्या बाईवरून होती हे नंतर कळलं.

१९५१मध्ये मेम्फिसच्या वायएमसीएच्या खोलीत त्याने 'थ्री ओ'क्लॉक ब्लूज' ध्वनिमुद्रित केलं. ते लोवेल फुल्सन या गायक-गिटारवाल्याचं गाणं. फुल्सनचं ऐकलं तर दोन गिटारींची शांत, घरगुती बैठक वाटते. किंगने तेच गाणं चर्चमध्ये नेलं: आवाज वर, गिटार कर्कश आणि अधीर. १९५२मध्ये ते काळ्या संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढची त्याची कित्येक गाजलेली गाणी अशीच कोणाची तरी आहेत. 'स्वीट सिक्स्टीन' बिग जो टर्नरचं. 'एव्हरी डे आय हॅव द ब्लूज' १९३५पासून कितीतरी हातांतून फिरलेलं.

यातल्या एका गाण्याचा प्रवास मुद्दाम पाहण्यासारखा आहे. १९३० साली अलाबामाच्या ल्यूसिल बोगन या गायिकेने 'ब्लॅक एंजल ब्लूज' गायलं, मागे पियानो. (ल्यूसिल हे नाव इथे येणं हा निव्वळ योगायोग, गिटारशी त्याचा संबंध नाही.) ते टॅम्पा रेडने उचललं, स्लाइड गिटारवर. १९४९मध्ये रॉबर्ट नाइटहॉकने पुन्हा स्लाइडवर, अगदी संथ, अंगावर येईल असं. आणि १९५६मध्ये बी. बी. किंगने 'स्वीट लिटल एंजल' म्हणून. नाइटहॉकची रेकॉर्ड आणि किंगची रेकॉर्ड लागोपाठ ऐका. नाइटहॉक एका सुरावरून दुसऱ्यावर तेलासारखा ओघळत जातो. तीच वाक्यं किंग तोडतो. सूर ओढून वर नेतो, तिथे थरथरवतो, सोडून देतो, श्वास घेतो, मग पुढचा. ज्या गाण्याचा जीव स्लाइडमध्ये होता ते त्याने नळीशिवाय वाजवलं, आणि त्यात गवयाचा श्वास आला. न जमलेल्या गोष्टीतून शैली होते ती कशी, हे दाखवणारं दुसरं इतकं स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

श्वास हा इथे महत्त्वाचा. वाद्य वाजवणाऱ्याला थांबावं लागत नाही, बोटं पळतच राहू शकतात. गायकाला थांबावंच लागतं. किंग गिटारवरही दम संपल्यासारखा थांबतो. मानेच्या एका छोट्याशा टापूत, चार-पाच पट्ट्यांच्या परिसरात त्याचं बरंचसं वादन होतं. गिटार शिकणारे त्या टापूला 'बी. बी. बॉक्स' म्हणतात. सूर मोजके. पण एखादाच सूर धरून तो जे करतो ते काहींना पन्नास सुरांत करता येत नाही.

२१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरमधला त्याचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला, 'लाइव्ह ॲट द रीगल' म्हणून पुढच्या वर्षी बाजारात आला. एकच रेकॉर्ड ऐकायची असेल तर ही. 'हाऊ ब्लू कॅन यू गेट' हे त्यातलं गाणं पुन्हा दुसऱ्यांचंच, १९४९चं, जॅझ समीक्षक लेनर्ड फेदर आणि त्याच्या पत्नीने रचलेलं. गिटारने सुरुवात होते आणि पहिल्या दोन-तीन सुरांतच बायका ओरडायला लागतात. शब्द अजून यायचेत. मग तो बाईच्या कृतघ्नपणाच्या तक्रारींची यादी वाचायला लागतो, एकेक तक्रार चढत्या आवाजात, आणि शेवटच्या तक्रारीवर थिएटर कोसळतं. इथे लुई जॉर्डनचं विनोदाचं अंग आहे, उपदेशकाचं चढत जाणं आहे, रॉय ब्राउनचं रडणं आहे. आणि तरी कोणाचंच नाही.

गंमत अशी की रीगलमध्ये ओरडणारा हा काळा श्रोता त्याला सोडून जायच्या बेतात होता. तरुण काळ्या पोरांना ब्लूज म्हणजे मळ्यावरची, आजोबांची रडगाणी वाटायला लागली होती. १९६७च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहापाशी त्याची बस थांबली, तेव्हा बाहेर लांब केसांची गोरी पोरं पाहून त्याला वाटलं आपण चुकीच्या जागी आलो. ती पोरं त्याच्यासाठीच आली होती. तो मंचावर येताच सगळे उठून उभे राहिले, आणि त्याला रडू आवरेना.

१९६९मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याने 'द थ्रिल इज गॉन' ध्वनिमुद्रित केलं. हेही मूळचं रॉय हॉकिन्स या पियानोवाल्याचं, १९५१चं, रेडिओवर असताना लावलेल्या रेकॉर्डपैकी. कित्येक वर्षं ते डोक्यात होतं, पण मनासारखं बसत नव्हतं. निर्माता बिल शिमचिक याने शेवटी मागे व्हायोलिनचा ताफा घालायची कल्पना काढली. गाणं गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत चढलं. १९७१मध्ये त्यासाठी त्याला पहिलं ग्रॅमी मिळालं, आणि ते कोणत्या विभागात? ऱ्हिदम अँड ब्लूज, पुरुष गायक. जगाने ज्याला गिटारचा राजा म्हटलं त्याचा पहिला मोठा सन्मान गळ्यासाठी होता.

त्याच्या पाठीमागून आलेल्यांनी, एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, बडी गाय आणि आणखी कित्येकांनी, हाताचा तो कंप आणि तार ओढण्याची ती ढब घेतली. बडी गायला आपल्याकडेही पुष्कळांनी ऐकलंय, २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 'महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल' सुरू झाला तेव्हा तो तिथे होता. रॉकमध्ये गेलेल्या बऱ्याच जणांनी मात्र सूर घेतले आणि थांबणं सोडून दिलं. पीटर ग्रीनने थांबणं घेतलं, म्हणून तो किंगला सगळ्यात जवळचा वाटतो.

किंग स्वतः म्हातारपणी उलट्या दिशेने गेला. १९९९मध्ये त्याने एक सबंध अल्बम लुई जॉर्डनच्या गाण्यांचा केला. २००८मध्ये, त्र्याऐंशीच्या उंबरठ्यावर, 'वन काइंड फेव्हर' हा शेवटचा स्टुडिओ अल्बम आला. (किंग १४ मे २०१५ रोजी लास व्हेगसमध्ये गेला.) अल्बमची सुरुवात ब्लाइंड लेमन जेफरसनच्या गाण्याने. दुसरं गाणं टी-बोन वॉकरचं. पुढे लॉनी जॉन्सन, आणि अखेरचं गाणं 'टुमॉरो नाइट', जे १९४८मध्ये लॉनीने गाजवलं होतं. बुक्का व्हाइटचं गाणं मात्र त्यात एकही नाही.